बायकांचं पाणी

रविवार, ४ ऑगस्ट

पोचलो एकदाच्या वस्तीवर. पाठ नुसती फळी झालीय. मी गाडीतून उतरले तरी गाडी माझ्या अंगातून उतरत नाही — रस्त्याचे खडखडाट अजून दातांत वाजतायत.

मोठी आई — मावशी, पण आमच्यात मावशीही आईच — वाटभर झोपली. मध्येच डोळे उघडायची, "कुठं आलो?" मी सांगायची. "अजून तिथंच?" असं म्हणून पुन्हा मान टाकायची. जसा काही रस्ता मीच लांबवला.

काल ती मशीनवर होती. मूत्रपिंडं गेल्यापासून ॲलिस शहरातच राहते. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या खुर्चीत बसून रक्त धुऊन घ्यायचं. परवा सकाळी परत तीच खुर्ची. म्हणजे स्वतःचा मुलूख बघायला तिच्या हातात उद्याचा दिवस. तेवढ्यात बायकांचं पाणी — पुरुषांनी जायचं नाही असा पवित्र झरा — शोधायचं, ब्रॉनविनला दाखवायचं, आणि उन्हं कलायच्या आत गाडी परत शहराकडे वळवायची. चालक मीच. नेहमीप्रमाणे.

ब्रॉनविन मागून तिच्या गाडीने आली. आमच्या पवित्र जागा नकाशावर राखून ठेवणाऱ्या कचेरीत असते. गोरी आहे, पण फार विचारत नाही. हा गुण मी फार कमी गोऱ्यांत पाहिला.

धाकटी आई आली नाही भेटायला. तिचं घर मी काम करते त्या दवाखान्यापासून हाकेवर. तिची कुत्रीसुद्धा येऊन मोठ्या आईचे पाय हुंगून गेली. ती नाही आली. पाठोपाठच्या सख्ख्या बहिणी!

"झोपली असेल," मोठी आई म्हणाली.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं.


सोमवार, ५ ऑगस्ट

नाही सापडलं.

जुन्या रस्त्यापासून दोन लाल टेकड्यांकडे सरळ रेषेत खुंट्या ठोकल्यात, प्रत्येकीवर गुलाबी फीत. नवा रस्ता इथून जाणार. मोठ्या आईने एक फीत बोटांनी चाचपली. मधुमेहाने डोळेही अर्धे गेलेत तिचे.

"हे काय?"

"रस्त्याची खूण."

"कुणाला विचारून?"

"क्लिफर्डला." क्लिफर्ड म्हणजे धाकट्या आईचा मुलगा, माझा भाऊ. वस्तीच्या पंचायतीचा प्रमुख.

"क्लिफर्ड बाई कधी झाला?"

ब्रॉनविन हसू दाबत दुसरीकडे बघायला लागली. मलाही हसू आलं. आजच्या दिवसातलं तेवढंच.

ती बाहेरची जात — गुरांना चारा म्हणून कधीकाळी आणलेलं गवत — सगळीकडे माजलंय. कमरेइतकं. वाळू दिसत नाही, खडक दिसत नाहीत, जुनी पायवाट नाही. गेल्या वणव्यात मोठी झाडं गेली. मोठी आई काठी टेकत चालायची, थांबायची, मुलखाला हाका मारायची. आम्ही कोण, कुणाच्या पोरी, कशाला आलो, सगळं सांगायची, रीतीप्रमाणे. मग कान देऊन उभी राहायची. वाऱ्याने गवत सळसळायचं. बस.

"इथं पांढऱ्या सालीचं झाड होतं." नव्हतं. "मग पलीकडे." पलीकडेही नव्हतं. टेकडीच्या एका बाजूने गेलो, दुसऱ्या बाजूने आलो. तिचे घोटे सुजले. शेवटी ती खालीच बसली.

"बोलत नाही माझ्याशी. रागावलाय मुलूख."

मी तिला पाणी दिलं. मोजून द्यावं लागतं. मशीनवरच्या माणसाला तहानही जपून वापरावी लागते. तिने घोट तोंडात धरला आणि निम्मा वाळूवर टाकला. मुलखासाठी. 

ब्रॉनविनने मला बाजूला घेतलं. जागा नेमकी कळली तरच तिला कायदा लावता येतो. "या बाजूला कुठेतरी काहीतरी आहे" एवढ्यावर यंत्रं थांबत नाहीत. आणि यंत्रं महिनाअखेरीस येणार.

मग गाडी. मग तोच रस्ता. अंधार पडल्यावर कांगारू आडवे येतील म्हणून डोळे फाडून बसायचं. आता शहरात, मोठ्या आईच्या खोलीत, जमिनीवर माझी वळकटी. झोप नाही.


मंगळवार, ६ ऑगस्ट

मोठी आई मशीनवर, मी शेजारच्या खुर्चीत. बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा तिचं ब्लँकेट माझ्या अंगावर.

"तुलाच जोडायला हवं याला," ती म्हणाली. "रंग बघ तुझा."


गुरुवार, ८ ऑगस्ट

वस्तीत परत. दवाखान्यात कालपासून रीघ. पोरांचे वाहते कान, म्हाताऱ्यांच्या गोळ्या. नर्स रजेवर, म्हणजे सगळं माझ्या गळ्यात.

दुपारी क्लिफर्ड आला. रक्तदाब बघायचा म्हणाला. त्याला रक्तदाब कधीच बघायचा नसतो.

"सापडलं?" पट्टा हाताला गुंडाळतानाच विचारलं त्याने.

"नाही."

"बरं झालं."

मी पंप जरा जोरातच दाबला. "हळू, ताई!" म्हणाला.  आकडा वाईट होता. त्याला सांगितला. तो आकड्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

"मी त्या जागेच्या वाईटावर नाही," म्हणाला. "तू मला ओळखतेस. पण टेकडीला वळसा घालायचा तर सगळं मोजमाप नव्याने. म्हणजे काम पावसाळ्यापलीकडे. म्हणजे आणखी एक उन्हाळा जुना रस्ता." भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. "तू होतीस ना गाडीत."

होते मी. त्याच्या बायकोचं हृदय बंद पडत होतं आणि नदीच्या पात्रात आमची गाडी खिडक्यांपर्यंत चिखलात. एरवी वर्षभर कोरडं असतं ते पात्र. आमच्याकडे पाऊस उन्हाळ्यातच, आणि त्या रात्री इतका की डॉक्टरचं विमानही उतरेना. मी तिच्या छातीवर दाबत राहिले, क्लिफर्ड चाकाखालचा चिखल हातांनी उपसत राहिला. उजाडलं तेव्हा पाणी ओसरलं होतं. ती गेली होती.

मी पट्टा सोडला. त्याने बाही खाली केली. "म्हाताऱ्यांना सांग एवढं," म्हणाला आणि गोळ्या न घेताच गेला. मागून पळत जाऊन द्याव्या लागल्या.

मला सांगता येत नाही कोण बरोबर. इतकी दमलेय की दोघंही बरोबर वाटतात.


शुक्रवार, ९ ऑगस्ट

धाकट्या आईकडे गेले. ओट्यावर निखाऱ्यात कांगारूचं शेपूट भाजत होती, कुत्री गोल करून बसलेली. ऐकू कमी येतं, म्हणून तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या वस्तीशी बोलायचं.

"धाकटे आई, तू चल. मोठीला जागा सापडत नाही."

"कशी सापडेल? मशीनशी लग्न लावून गेली ती. नवऱ्याच्या घरी सुखात आहे, तिला काय कमी."

"ती हौसेने नाही गेली."

"काय?"

"हौसेने नाही गेली म्हटलं!" शेजारच्या घरातून कुणीतरी हसलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. शेपूट उलटं केलं. राख झटकली. "पण त्या पाण्यावर एकटीने जायचं नसतं. दोघी लागतात. एक गाते, दुसरी खालून सूर धरते. ती शहरात गेली, मी इथे काय करू? टेकडीकडे तोंड करून बसायची नुसती. सालोसाल. पाणी वाट बघत असेल असं वाटायचं. मग टेकडीकडे बघायचंच सोडलं."

हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं ही रुसलीय.

"तिने एकदाही म्हटलं नाही, पॅन्सी, चल. म्हणू दे तिच्या तोंडाने. मग येते."

मला शेपटाचा तुकडा दिला. उभ्या उभ्या खाल्ला. दोन दिवसांत पोटात गेलेलं पहिलं गरम.


शनिवार, १० ऑगस्ट

मोठी आई शहरात मशीनवर, धाकटी इथे दवाखान्यात माझ्या खुर्चीत, मध्ये फोन. आवाज मोठा करून ठेवला. दोघीही गप्प. तिकडून मशीनची घरघर तेवढी.

मला वाटलं, लागला नाही बहुतेक. तेवढ्यात मोठी म्हणाली, "बहिरे, आहेस का?"

"आंधळे, तूच बोल आधी."

"तुझे गुडघे कसे आहेत?"

"तुझ्या डोळ्यांपेक्षा बरे."

 मग मोठी हळू आवाजात म्हणाली, "पॅन्सी, मला नाही सापडलं गं. मी हाका मारल्या. मला ओळखलंच नाही." रडत होती. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं. मशीन लागलं तेव्हाही नाही.

धाकटीला ऐकू आलं नसेल असं वाटून मी सांगायला वाकले. तिने माझा हात बाजूला केला.

"एकटीला कसं ओळखेल," म्हणाली. "ये. मी येते."

ब्रॉनविन मोठीला उद्या इकडे घेऊन येतेय. मला यावेळी चालवायचं नाही. एवढ्या आनंदाला काय म्हणावं!


रविवार, ११ ऑगस्ट

दोघी माझ्या ओट्यावर, एकाच ब्लँकेटखाली. बडबड थांबत नाही. मला सकाळी उठायचंय हे कुणाच्या गावीही नाही.


सोमवार, १२ ऑगस्ट

सापडलं.

सगळं लिहायचं नाही. जे लिहिता येतं तेवढंच.

आम्ही चौघी गेलो. क्लिफर्डही आला, पण जुन्या रस्त्यापर्यंतच. तिथं चूल मांडली आणि टेकड्यांकडे पाठ करून बसला. दिवसभर. एकदाही वळला नाही. हट्टी आहे, पण रीत मोडणारा नाही.

धाकटी पुढे, मोठी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. एकीला दिसत नाही, एकीला ऐकू येत नाही. धाकटी बघायची आणि सांगायची, मोठी ऐकायची आणि सांगायची. मध्ये भांडण. "उजवीकडे." "पाण्याची उजवी की तुझी उजवी?" "अगं तुला कधीपासून उजवी कळायला लागली?" असं करत खुंट्यांची रांग ओलांडली. आणि एका जागी दोघीही एकदम थांबल्या. मला काहीच दिसत नव्हतं, नुसतं गवत. मग वास आला.

गवत मारत आत शिरलो. खडकातला खळगा वाळूने निम्म्याहून अधिक भरलेला, आणि त्यात मेलेला उंट. तहानेने आत उतरला असणार, वर येता आलं नाही. मोकाट उंट पाण्याची वाट लावतात हे ऐकून होते. मोठ्या आईला दिसत नव्हतं पण वासाने कळलं. तोंडावर हात धरून ती खाली बसली. मला वाटलं, झालं. संपलं सगळं. खरं सांगायचं तर मला तिथेच आडवं व्हावंसं वाटलं, उंटाशेजारी.

धाकटीने चपला काढल्या. "दोर आहे का गाडीत?"

ब्रॉनविनने गाडी मागे मागे घेतली, मी खाली उतरून दोर बांधला. काय हाताला लागत होतं ते लिहीत नाही. पहिल्यांदा दोर निसटला. दुसऱ्यांदा उंटाचा पायच निघून आला. ब्रॉनविन गाडीतून उतरून उलटी करून आली, तोंड पुसलं, परत स्टिअरिंगवर बसली. तिसऱ्यांदा तो वर आला. लांब ओढत नेला, वारा जात होता त्या बाजूला.

मग वाळू. फावडं एकच. बाकी डबे, ताटल्या, हात. धाकटी गुडघ्यांवर बसून कुत्र्यासारखी दोन्ही हातांनी उकरत होती आणि मोठीला शिव्या देत होती. बसून काय राहिलीस, राणी आहेस का. मोठी हसली आणि सरकत सरकत आली. डॉक्टरने वजन उचलायला बंदी केलेली. मी तसं म्हटलं. "मग बोलव डॉक्टरला," म्हणाली. "त्यालाही एक डबा दे."

कुजकी वाळू गेली. ओली वाळू लागली. मग काळी. मग खडकाच्या फटीतून पाणी झिरपायला लागलं — करंगळीएवढं, गढूळ. ते उपसून टाकलं. पुन्हा आलं. तेही टाकलं. ऊन टेकडीवर गेलं तेव्हा ते स्वच्छ झालं होतं.

त्यानंतर त्या गायल्या. मोठीचा आवाज फुटका, धाकटीने खालून धरलेला. ब्रॉनविन आपणहून लांब जाऊन बसली. मला जायला सांगितलं नाही कुणी. मी पहिल्यांदाच होते तिथं. माझी आई गेली तेव्हा मी दूर, समुद्राकाठच्या शहरात शाळेत. तिच्याकडून शिकायचं ते राहिलं. नंतर नोकरी, पोरं, दुसऱ्यांची दुखणी.

मोठ्या आईने माझे हात धरून पाण्यात घातले. मुलखाला सांगितलं, "ही आमची. उशिरा आणलीय, पण आमचीच." पाणी बर्फासारखं गार. मी रडले की नाही आठवत नाही. हातांना अजून उंटाचा वास येतोय, तीनदा साबण लावला तरी.

परतायला हवं होतं तेव्हा निघालोच नाही. आता अंधारात शहराकडे निघून उपयोग नाही, दमलेल्या ब्रॉनविनलाही चालवता यायचं नाही. पहाटे निघू म्हटलं.


मंगळवार, १३ ऑगस्ट

पहाटे गाडी सुरू केली. मोठी आई ओट्यावरून हलली नाही.

"मी येत नाही."

मी समजावलं. रागावले. रक्तात विष साठेल, छातीत पाणी भरेल, श्वास लागेल, सगळं सांगितलं. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "पोरी, ती खुर्ची मी किती वर्षं तापवली. आता दुसऱ्या कुणाला दे. माझं काम झालं काल. पाणी उघडलं. आता इथेच." डॉक्टरला फोन लावला. त्याने तिच्याशी बराच वेळ बोलून मला सांगितलं, तिचा हक्क आहे. त्रास कमी व्हायच्या गोळ्या विमानाने पाठवतो. आणि हवं तेव्हा मन बदलता येतं, हे तिला रोज सांगत जा.

मी गाडी बंद केली. आणि गाडी बंद केल्यावर पहिलं काय वाटलं? की आज चालवायचं नाही. बस, एवढंच. मग स्वतःचीच किळस आली.

दुपारी पंचायतीच्या झाडाखाली सगळे बसले. ब्रॉनविन म्हणाली, जागा कळली, आता खुंट्यांच्या रेषेवरून रस्ता जाऊ शकत नाही. क्लिफर्ड उभाच होता. म्हाताऱ्यांसमोर आवाज चढवत नाही तो.

"आणखी एक उन्हाळा," म्हणाला. "पुन्हा पाऊस येईल, पुन्हा नदी येईल. या वेळी कोण मरणार ते तेवढं सांगून ठेवा."

 धाकटी आई मान खाली घालून. तिचाच मुलगा.

मोठी आई म्हणाली, "मी आहे की. माझा नंबर लावून ठेवलाय मी. दुसऱ्या कुणाला घुसू देणार नाही."

थोडे लोक हसले. क्लिफर्ड नाही. तिने त्याला जवळ बोलावलं, काठीने वाळूत दोन टेकड्या काढल्या, मग एक वळलेली रेघ. "पुरुषांनी इथवर यायचं. पुढे नाही. का ते विचारायचं नाही. पण या रेघेच्या अलीकडून तुझा रस्ता जाऊ दे. तुझ्या बायकोसाठी मीही रडलेय रे, तिकडे खुर्चीत बसून. मला उठून येता आलं नाही."

त्याने रेघेकडे बघितलं.  मग निघून गेला.


बुधवार, १४ ऑगस्ट

गोळ्या आल्या. मोठ्या आईचे पाय फुगलेत. चहात तीन चमचे साखर घालून घेतली, आणि दुसरा कपही. मी अडवलं नाही.

"मन बदललं का?" रोज विचारायचं म्हणून विचारलं.

"बदललं. आता चार चमचे घाल."


गुरुवार, १५ ऑगस्ट

क्लिफर्ड दोन दिवस दिसला नव्हता. आज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसलेला सापडला. बूट लाल मातीने भरलेले. मागे गाडीत सगळ्या खुंट्या, फितींसकट. रेघेअलीकडच्या खुंट्या पुरुषांनी उपटल्या. पलीकडच्या खुंट्या ब्रॉनविनने काढून दिल्या.

"कंपनीवाले ओरडतायत," म्हणाला. "ओरडू देत. मी सांगितलंय, वळसा घ्या, पण मोजायला आत्ताच या. पाऊस यायच्या आधी निदान नदीवरचा पूल तरी बांधा. तेवढं केल्याशिवाय सोडत नाही त्यांना."

मग ओट्यावर मोठ्या आईकडे गेला. गोठवलेलं कांगारूचं शेपूट तिच्या मांडीवर ठेवलं. गार लागलं म्हणून ती ओरडली. दोघं हसली. तो तिच्या पायाशी बसला आणि सुजलेले घोटे दाबत राहिला. ब्रॉनविन शहराला परत गेली. जाताना धाकट्या आईने तिला मिठी मारली, आणि "अजून उंटाचा वास येतो तुला," असं सांगितलं.

आज मशीनचा दुसरा वार चुकला. झोपताना तीन उशा लागतात तिला. आडवं झालं की श्वास अडकतो.


शुक्रवार, १६ ऑगस्ट

धाकटी आई आता माझ्याकडेच राहतेय. लाकडं आणते, चूल पेटवते, बहिणीच्या पाठीला चरबी चोळते. गुडघे दुखतात म्हणायचं विसरलीय. मोठीला अंगभर खाज सुटते, ती काटकीने खाजवून देते आणि म्हणते, "म्हातारी घोरपड."

संध्याकाळी दोघी मला शिकवायला बसल्या. पहिलं छोटं गाणं. मोठी गाते, धाकटी माझ्या मांडीवर ताल धरते. तीनदा चुकले. चौथ्यांदा डोळे मिटायला लागले.

"झोपतेय ही," धाकटी म्हणाली.

"झोपू दे. दमलीय पोर."

"आपण या वयात असताना चालत जायचो तिथं."

"आपण मूर्ख होतो."

मग उद्या करू म्हणाल्या. मला बरं वाटलं. मोठीकडे उद्या किती आहेत ते मला माहीत आहे. पण धाकटी आहे. ठणठणीत आहे. ती शिकवेल सावकाश. घाई नाही.


शनिवार, १७ ऑगस्ट

धाकटी आई गेली. झोपेतच. चूल पेटली नाही म्हणून बघायला गेले. अंग गार होतं. मी तरीही छातीवर दाबत राहिले. क्लिफर्डने येऊन माझे हात धरले.

बायका आल्या. अंगाला पांढरी माती लावून सगळ्या रडायला बसल्या. मोठी आई मध्ये, आमच्यात बसतात तशी, बहिणीच्या अंथरुणावर हात ठेवून. श्वास पुरत नाही, तरी रडत होती. सुतकात उठायचं नसतं. कुणी उठत नाही.

ती उठली. भिंत धरून माझ्यापर्यंत आली.

"विमान बोलव," म्हणाली. "मशीनवर बसव मला."

मी बघतच राहिले.

"बघतेस काय? दोघी लागतात तिथं. आणि तुला अजून काहीच येत नाही."